धर्मशाळेत धर्म कुणाचा?

आत्या संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापक. भाच्याचं सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णीजवळ लॉज आहे. लॉजच्या मागच्या जागेत वारकऱ्यांसाठी त्यानं नवी इमारत उभी केली. तिला नाव काय द्यायचं यावर बोलणं निघालं आणि 'धर्मशाळा' या शब्दापाशी येऊन अडलं.

भाचा : धर्मशाळा नको म्हणजे नको. 'यात्री निवास' लिहितो. धर्मशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोपडे आलेल्या भिंती येतात, सगळ्यांत मिळून एक नळ येतो, आणि भाडं द्यायची वेळ आली की तोंडं वाकडी होतात. धर्माचं म्हणजे फुकटचं, असा हिशेब आहे लोकांचा.

आत्या : लोकांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. या शब्दातला धर्म पूजाअर्चेचा नाहीच. दारावर येऊन 'धर्म कर माय' म्हणणारा काही तुला गंध लावायला सांगत नाही, दान कर म्हणतो. दानधर्म, धर्मादाय, धर्मार्थ दवाखाना, सगळीकडे हाच धर्म. संस्थांचे हिशेब तपासणारे धर्मादाय आयुक्त कुणाला देवधर्म शिकवत नाहीत.

भाचा : आणि शाळा?

आत्या : शाळा म्हणजे नुसतं दालन, घर. गोशाळा, पाकशाळा, टंकशाळेची झालेली टांकसाळ. मुलांची शाळा ही पाठशाळाच, पुढचा 'पाठ' गळून गेला. तेव्हा धर्मशाळा म्हणजे दान म्हणून दिलेलं घर. संस्कृतात हाच शब्द न्यायसभेलाही वापरत, कारण तिथे धर्म म्हणजे न्याय. पुढे न्यायसभेला दुसरे शब्द मिळाले आणि हा वाटसरूकडे राहिला.

भाचा : राहिला कुठे? तूच फोड केलीस ना, त्यात वाटसरू आहे का? दान आहे, घर आहे. दोन्ही देणाऱ्याची. उतरणाऱ्याचं त्या शब्दात काहीच नाही. माझ्या 'यात्री निवासा'त निदान यात्री तरी आहे.

आत्या : हे मात्र बरोबर हेरलंस. वाटेवरच्या मुक्कामाचे शब्द जमवले तर त्यांचे गट पडतात. काही देणाऱ्याकडून येतात, जशी धर्मशाळा. काही येणाऱ्याचं नाव घेतात, पांथशाळा किंवा तुझं यात्री निवास. काहींना नुसती इमारत दिसते. सराई हा फारसी शब्द, सराय म्हणजे घर, मोठा वाडा. तांडे उतरायचे तो वाडा म्हणजे कारवाँसराय. आणि काहींना वाहनच दिसतं. मोटर आणि हॉटेल जोडून मोटेल झालं, ते १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सान लुइस ओबिस्पो गावी आर्थर हाइनमन यांनी आपल्या निवाऱ्याला 'माइलस्टोन मो-टेल' नाव दिलं तेव्हा.

भाचा : म्हणजे तिथे गाडीचा मान आधी, माणसाचा नंतर. माझ्याकडेही फोनवर पहिला प्रश्न तोच येतो, पार्किंग आहे का.

आत्या : आपल्याकडचा एक जुना पुरावा मात्र इमारतीवरून आणि टेकण्यावरून बोलतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, काळ इसवी सनाचं दुसरं शतक. भडोच, मंदसोर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा या चार ठिकाणी आपण चौसोपी निवारे दिले, असं त्यात कोरलंय. शब्द आहेत चतुःशाला, आवसथ आणि प्रतिश्रय. प्रतिश्रयात 'श्रि' धातू आहे, म्हणजे टेकणं. आपला आश्रय त्याच घरातला. वाटेतल्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, त्या नद्यांत दमण आहे, तापी आहे, डहाणूची नदी आहे, आणि दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा. प्रपा म्हणजे आपली पाणपोई.

भाचा : हे सगळं दगडात कुणी कोरून घेतलं?

आत्या : त्यानंच.

भाचा : मग झालं. मंदिराच्या पायरीवर 'अमक्याच्या स्मरणार्थ' असतं, पंख्याच्या पात्यावर असतं, पाणपोईच्या टाकीवर असतं. दोन हजार वर्षांत फक्त दगडाची फरशी झाली.

आत्या : कोरलं नसतं तर आज आपल्याला कळलं नसतं की सोपाऱ्याला उतरायची सोय होती. पण तू म्हणतोस तो चिमटा उपनिषदानं तुझ्याआधी काढून ठेवलाय. छांदोग्यात जानश्रुती पौत्रायणाची गोष्ट आहे. मोठा दाता. त्यानं जागोजागी आवसथ बांधले. कशासाठी? तर सगळीकडे लोकांनी आपलंच अन्न खावं म्हणून. एका रात्री वरून हंस उडत चालले. एक म्हणाला, या जानश्रुतीचं तेज आभाळापर्यंत पोचलंय, सांभाळून. दुसरा म्हणाला, हा कोण एवढा, तो गाडीवाला रैक्व असल्यासारखं बोलतोयस! राजाला झोप लागेना. माणसं पाठवून शोधलं, तर रैक्व एका गाडीखाली बसून खरूज खाजवत होता. राजा गायी, हार, रथ घेऊन त्याच्याकडे शिकायला गेला आणि रैक्वानं पहिल्यांदा त्याला परत लावलं.

भाचा : म्हणजे निवारे राजाचे आणि शहाणा माणूस गाडीखाली. त्याला राजाच्या आवसथात जावंसं वाटलं नसणार.

आत्या : ते ग्रंथ सांगत नाही, तू सांगतोयस.

भाचा : मी रोज बघतो म्हणून सांगतो. माझ्या दारात रात्री ट्रक लागतात. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, क्लीनर खाली चटई टाकतो. खोली आहे म्हटलं तरी येत नाहीत. पैशाचा प्रश्न असतोच, पण दुसऱ्याच्या घरात अंग चोरून निजायचा कंटाळाही असतो. दानातल्या घरात तर जास्तच. तिथे झोपणाऱ्यानं आभारी राहावं अशी अपेक्षा असते. मी आठशे रुपये घेतो, पावती देतो. नळाला पाणी नसलं तर तो मला खाली येऊन झापू शकतो. धर्मशाळेत व्यवस्थापकाला कोण झापणार?

आत्या : हा तुझा सगळ्यांत बळकट मुद्दा. पण पैसे दिले की दार उघडतं, असं त्याच दमात म्हणू नकोस.

भाचा : का नको? धर्मशाळांची दारं कुणाला उघडत होती ते बघ ना. पंढरपूर, आळंदी फिर, जातीजातींच्या नावाच्या धर्मशाळा आजही उभ्या आहेत. प्रत्येकानं आपापल्या माणसांसाठी बांधली. ज्यांच्या जातीत बांधणारा धनवान नव्हता त्यांनी वाळवंटात झोपायचं. गाडगे महाराजांना पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधावी लागली, ती कशासाठी? विठ्ठलाचं मंदिर दलितांना उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. तोवर 'वाटसरूचं घर' या अर्थाला काय अर्थ होता? आणि बडोद्याचं उदाहरण तर तूच शिकवत होतीस.

आत्या : शिकवत होते, म्हणूनच सांगते, ते तुझ्या बाजूनं पुरतं येत नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. पारशांच्या एका उतारगृहात ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि त्यांना बाहेर काढलं. मग काही तास ते कामाठी बागेत बसून होते, रात्री मुंबईची गाडी धरली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आता बघ, ते तिथे दानावर राहत होते का? रोजचे पैसे मोजत होते. पैसे घेणाऱ्या घरानंही त्यांना हाकललंच.

भाचा : ते पारशांपुरतं घर होतं.

आत्या : हो. म्हणजे अडवणारी गोष्ट दानही नव्हती आणि भाडंही नव्हतं. घर कुणापुरतं, हे आधीच ठरलेलं होतं. दान घेऊन ठरवता येतं तसं भाडं घेऊनही ठरवता येतं. आज तुझ्या काउंटरवर आधार कार्ड ठेवतात त्यावर आडनाव असतंच की.

भाचा : मी आडनाव बघत नाही.

आत्या : तू बघत नाहीस, हा तुझा गुण. धंद्याचा नियम नाही. त्याच न्यायानं दानातही उलटी उदाहरणं आहेत. तंजावरचे मराठे राजे वाटेवर छत्रं चालवायचे. आपलं अन्नछत्र तेच, मूळ शब्द सत्र, म्हणजे लांब चालणारा यज्ञ. 'छत्री'शी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रं सांभाळा म्हणून कळवलं. ब्राह्मणापासून परयापर्यंत कुठल्याही वाटसरूला तिथे शिजवलेला भात मिळतो, असं त्यात स्पष्ट आहे. राज्य इंग्रजांकडे गेलं तरी छत्रं बंद पडू नयेत, याची त्यांना काळजी होती.

भाचा : आणि ज्यांना शिजवलेलं चालत नसेल त्यांना?

आत्या : त्यांना कोरडा शिधा.

भाचा : बघ! पंगत एक नव्हतीच. शेरशहाच्या सराईंचंही तेच ना? हिंदूंना वेगळ्या खोल्या, मुसलमानांना वेगळ्या, हिंदूंना पाणी द्यायला ब्राह्मण नेमलेला.

आत्या : पंगत एक नव्हती, हे कबूल. पण उपाशी कुणी परत गेलं नाही, हेही मोजायला हवं. तुझ्या मोजपट्टीत भेदाभेदाचे आकडे आहेत, भुकेचे नाहीत.

भाचा : बरं, भूक मोजू. पण भूक मोजण्याचा मक्ताही धर्मशाळेकडेच कशाला? लॉज, हॉटेल हे शब्द काय वाईट आहेत?

आत्या : शब्द वाईट नाहीत, उलट फार चांगल्या कुळातले आहेत. लॉजचं मूळ जुन्या जर्मानिक भाषांत जातं, पानांचा आडोसा, मांडव. म्हणजे शेतातल्या आपल्या खोपीसारखं. हॉटेलचं मूळ लॅटिनमधल्या 'होस्पेस' शब्दात. त्याचा अर्थ पाहुणा, आणि त्याचाच अर्थ यजमानही. दोघांना एकच शब्द.

भाचा : हे मला आवडलं. कोण देणारा, कोण घेणारा, दोघं एका नावात. धर्मशाळेत तसं नाही.

आत्या : त्याच मुळातून हॉस्पिटल निघालं. आणि आता तुझ्याच दुनियेतलं विचारते. मुंबईत टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला बाहेरगावाहून माणसं येतात. किरण चालू असतात, महिनोन्महिने जावं लागतं. लॉजचं भाडं कुणाला परवडणार? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना ठेवून घेते. तिथे हॉटेलचा आणि हॉस्पिटलचा जुना अर्थ पुन्हा एकत्र आला, आणि तो 'धर्मशाळा' या पाटीखाली आला.

भाचा : ते खरं. तिथे मी हरलो. पण ते सगळ्या धर्मशाळांचं नाही.

आत्या : सगळ्यांचं नाही. म्हणून शब्दाचा उगम एवढ्यावर मी थांबत नाही. उगम सांगतो की हे घर कुणी आणि का बांधलं. पण शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडी गेला की त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. तू कॉलेजात असताना रात्री अकरा-बाराला घरी यायचास, तेव्हा वहिनी काय म्हणायची?

भाचा : 'घर आहे की धर्मशाळा?' शब्दाला शब्द असाच.

आत्या : तिनं कधी 'घर आहे की लॉज?' म्हटलं नाही. त्या वाक्याला नीट ऐक. धर्मशाळा म्हणजे काय, तर जिथे कुणी केव्हाही यावं, कुठून आलास विचारायचं नाही, किती दिवस विचारायचं नाही, आल्याचा हिशेब द्यावा लागत नाही. ती रागानं बोलत होती, पण त्या रागात शब्दाचा अर्थ देणाऱ्याकडून पूर्ण काढून येणाऱ्याकडे दिलेला होता. दाता नाही, त्याची पाटी नाही, जात नाही. मराठी बायकांनी मुलांना रागे भरता भरता या शब्दाचा जो अर्थ केला, तो खऱ्या धर्मशाळांनी फार कमी वेळा पाळला.

भाचा : म्हणजे तुझ्या मते खरी धर्मशाळा फक्त आईच्या शिव्यांत होती.

आत्या : निदान तिथे ती सगळ्यांसाठी होती. शब्दकोशात जायला तो अर्थ मला जास्त लायक वाटतो.

भाचा : शब्दकोशाचं तू बघ. माझ्याकडे सरकारचे शब्द येतात. १८६७ साली इंग्रजांनी सराईंसाठी कायदाच केला. नोंदणी करा, स्वच्छता ठेवा, दरांची यादी दिसेल अशी लावा. तेव्हापासून मुक्कामाची जागा म्हणजे दरपत्रक. आणि २०२२ चं तर तुला माहीत नसेल. हजार रुपयांच्या आतल्या खोल्यांना आधी जीएसटी नव्हता. त्या जुलैत बारा टक्के लागला. अमृतसरला शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या सराईंवर तो घ्यायचा का, यावरून वाद पेटला. ऑगस्टमध्ये सरकारनं खुलासा केला, धार्मिक स्थळाच्या आवारातल्या हजाराखालच्या खोल्यांना सूट आहेच, आवार शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा, समितीच्या सराईही त्यात आल्या. म्हणजे भाडं नऊशे नव्याण्णव असलं आणि जागा देवळाच्या आवारातली असली तर तो धर्म. हजार झाले की धंदा.

आत्या : उषवदाताला हे कळलं असतं तर त्यानं लेखात भाडंही कोरून ठेवलं असतं.

भाचा : हस, पण मला त्या रेषेच्या या बाजूला राहून पोट भरायचं आहे. आवार देवाचं नाही, त्यामुळे सूट नाही. मग 'धर्म' लिहून मी कुणाला फसवू?

आत्या : हे उत्तर मला पटलं. भाडं घेणार असशील तर धर्मशाळा लिहू नकोस. पण 'यात्री निवास' लिहिताना एक पथ्य पाळ. आजकाल 'भक्तनिवास' हा शब्द सगळीकडे आलाय. त्यात येणाऱ्याचं नाव आहे म्हणून तुला तो चांगला वाटेल. पण नाव घेतलं की अटही येते. भक्त असाल तर या. मध्यंतरी मी एकटी एका क्षेत्री गेले होते. काउंटरवर विचारलं, सोबत कोण आहे? कोणी नाही म्हटलं. एकट्या व्यक्तीला खोली देत नाही, असं उत्तर मिळालं. सत्तरीच्या बाईला.

भाचा : ते नियम सगळीकडे आहेत आत्या. एकट्यानं खोली घेऊन काही बरंवाईट करून घेतलं तर पोलिस पहिले आमच्याकडे येतात. मीही एकट्या पुरुषाला रात्री अकरानंतर टाळतो. खोटं कशाला सांगू?

आत्या : म्हणजे तूही तेच करतोस.

भाचा : टाळतो म्हटलं, हाकलतो नाही म्हटलं. रजिस्टर असतं, त्यात नाव, गाव, कुठून आलात, कुठे चाललात हे लिहून घ्यावं लागतं. तुझ्या जुन्या धर्मशाळांना ही कटकट नव्हती म्हणून त्यांना उदार होता आलं.

आत्या : होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या बंदोबस्ताचं प्रकरण आहे. त्यात धर्मावसथ हा शब्द येतो, धर्मशाळेचा पूर्वजच म्हण. ते सांभाळणाऱ्यांनी पाषंडी आणि वाटसरू आले तर आधी अधिकाऱ्याला कळवावं आणि मग ठेवून घ्यावं, असा नियम आहे. घरमालकानंही कोण आलं, कोण गेलं हे कळवायचं. नाही कळवलं आणि त्या रात्री गुन्हा झाला तर दोष त्याच्या माथी. तुझ्या रजिस्टरचं वय दोन हजारांच्या घरात आहे.

भाचा : मग मी काही वेगळं करत नाही.

आत्या : एक गोष्ट वेगळी करतोस. पाषंडी म्हणजे परक्या पंथाचा, ज्याचा संशय यावा असा माणूस. नियम त्याच्यासाठीही आहे. आणि तो म्हणतो, कळवा आणि ठेवून घ्या. कळवायचं आहे ते त्याला रात्रीचं छप्पर मिळावं म्हणून. तुम्ही लोकांनी रजिस्टर दारात आडवं धरलंय. 'नियम आहे' म्हणून नाही म्हणता, आणि नियम तर आत घेण्याची रीत सांगतो. इमारतीवर काय लिहायचं ते लिही. पण एकटा माणूस आला तर त्याचं नाव लिहून घे आणि खोली दे.

भाचा : देईन. मागच्या इमारतीत खाली मोठा हॉल आहे, तिथे एकट्या माणसाला गादी टाकून देतो, गादीचे पन्नास घेतो. पण एवढं तूही समजून घे, रात्री दीड वाजता तपासायला येणारा हवालदार अर्थशास्त्र वाचून आलेला नसतो.

आत्या : मग त्याला चहा दे आणि रजिस्टर दाखव. नोंद पुरी असली की तो जातो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.